माईकवर मम्मीला बोलावलं

लातूर, मंगळवार

सौ. साखराबाई विहीणबाई यांना कमलम्माचे शरणू शरणार्थी, आणि तुमच्याकडच्या रीतीचा रामरामही सोबत. हणमंतरावांना आमच्या घरच्या सगळ्यांचा नमस्कार सांगा (सगळे म्हणजे आता मी एकटीच, संगमेश पुण्यात आणि त्याचे वडील भिंतीवर फोटोत, पण एकटीचा नमस्कार कळवायला बरं दिसत नाही). तुमचा गुडघा काय म्हणतो? हणमंतरावांची शुगर उतरली का, की अजून चहात साखर घालून वर गोळी घेतात? थोरल्या सुनेला दिवस गेलेत असं लोह्याच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. खरं असेल तर तिला तिसऱ्या महिन्यापर्यंत पाण्याची घागर उचलू देऊ नका, आणि खोटं असेल तर मी काही लिहिलं नाही असं समजा.

विहीणबाई असं लिहिलं म्हणून रागावू नका. पोरांच्या कोर्टाचा कागद मी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, त्यात त्या दोघांचं मोडलं एवढंच लिहिलंय, तुमच्या-माझ्याबद्दल एक ओळ नाही. वकिलाला विचारलं की आम्हा दोघींचं काय, तर त्यानं माझ्यासाठी पाणी मागवलं. फोन तुम्ही उचलत नाही, तो तुमचा हक्क आहे. म्हणून पत्र लिहायला बसले. दुकानात बसून लिहितेय, तेव्हा एखादं वाक्य मध्येच लटकलेलं दिसलं तर समजून घ्या की कुणाला तरी अस्तराचं कापड हवं होतं. एक विनंती अशी की हे पत्र तुम्ही स्वतः वाचा. अक्षर लावायला वेळ लागला तरी चालेल, पण वाचून दाखवायला अमृतरावांकडे देऊ नका. तुमचे दीर आहेत, माणूस चांगला असेल, पण त्यांच्या तोंडून माझं पत्र तुमच्या कानात गेलं तर वाटेत त्याचं काय होईल सांगता येत नाही.

तर मुद्दा असा की मी नांदेडच्या एका क्लबात डीजेवर नाचले. तुम्हाला कुणीतरी सांगणारच आहे, त्याआधी मीच सांगते, कसं झालं ते क्रमानं.

मागच्या दिवाळीपासून माझा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. मॅचिंग सेंटरवालीचा हात वर जात नाही म्हणजे काय ते तुम्हाला दुकान बघितलेलं असल्यानं कळेल. वरच्या फळीवरचे सगळे रंग विकणं बंद झालं. मोरपंखी, वाईन, चिंतामणी, कुणी मागितलं की मी सांगायचे, बाई, हे रंग सध्या चालत नाहीत. लातुरात आमच्या बोळाच्या तोंडाशीच व्यायामाचा दवाखाना आहे, फिजिओथेरपी म्हणतात ती. तरी मी दर बुधवारी एसटीत बसून नांदेडला जाते, तुमच्या शिवांगीच्या दवाखान्यात, तिच्याच हातून खांदा हलवून घ्यायला. का जाते ते मला विचारू नका. संगमेशनं विचारलं तेव्हा मी नांदेडला फॉलचं कापड चांगलं मिळतं म्हणून सांगितलं, आणि तो इंजिनिअर असूनही त्याला ते पटलं.

गाडी तुमच्या लोह्याच्या स्टँडवर थांबते. दर खेपेला मी तुमच्या गल्लीच्या बाजूची खिडकी धरते. एकदा तुम्ही दिसलातही, शेवग्याच्या शेंगा घेत होतात, हिरव्या साडीवर राणी कलरचा ब्लाऊज (चालतो तसा, पण त्या हिरव्यावर लालसर राणी जास्त खुलला असता, राहवत नाही म्हणून लिहिते). उतरावं म्हणून मी उठले. कंडक्टर म्हणाला, मावशी, तिकीट नांदेडचं हाय की. मग बसले. काय बोलले असते उतरून, ते परतीच्या वाटेवर अहमदपूरपर्यंत जुळवत होते. जुळलं नाही.

तर मागच्या बुधवारी शिवांगी माझा हात भिंतीवर चढवता चढवता म्हणाली, अव्वा, शनिवारी माझा वाढदिवस आहे, क्लबात ठेवलाय, तुम्ही यायलाच पाहिजे. (आमच्यात आईला म्हणतात तसं ती मला अजून अव्वाच म्हणते. मी नको म्हटलं नाही.) आता क्लब म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आमचा लातूरचा सखी क्लब आला. म्हणजे सतरंजी, तंबोला, उपमा, आणि अध्यक्षबाईंचं भाषण. मी आपली इरकल नेसले, केसांत मोगरा घातला, पिशवीत तिच्यासाठी खण घेतला आणि स्टीलच्या डब्यात शेंगापोळ्या. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तर त्यानं आरशातून दोनदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं मोगरा जास्त झाला.

क्लब हॉटेलाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. दारात काळ्या बनियनमधला एक आडवा माणूस उभा. त्यानं माझी पिशवी तपासली, डबा उघडला आणि म्हणाला, बाहेरचं खायचं आत चालत नाही. मी म्हणाले, हे बाहेरचं नाही, घरचं आहे. तो विचारात पडला. शेवटी डबा त्यानं स्वतःच्या खुर्चीखाली ठेवला आणि माझ्या मनगटावर निळा शिक्का उमटवला, आणि मी शिक्का मारलेल्या शेळीसारखी आत गेले. (जाताना डबा परत घेतला तेव्हा हलका लागला. त्यानं लपवलं नाही. म्हणाला, मी चाकूरचा, मावशी, वर्ष झालं शेंगापोळी खाल्ली नव्हती. त्याला काय बोलणार.)

आत अंधार, गारठा, आणि असा आवाज की दोन पावलं गेल्यावर मी मागं फिरणारच होते. आपल्याकडे डीजे म्हणजे ट्रकवर रचलेली भोंग्यांची भिंत. मिरवणूक दुकानावरून गेली की माझ्या शोकेसच्या काचा बोलायला लागतात आणि रिळं गडगडत खाली येतात. तेवढी भिंत या एवढ्याशा खोलीत मावली कुठं म्हणून मी शोधत होते. शिवांगीच्या दवाखान्यातली मंजुश्री भेटली (उदगीरची आहे, आमच्यातलीच, शेटकारांची नात), तिच्या कानाशी ओरडून विचारलं, डीजे कुठंय? तिनं कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथं टेबलामागं चष्मा लावलेला एक हडकुळा माणूस मान हलवत उभा होता. मी म्हणाले, हा डीजे? माणूस? ती म्हणाली, मग काय तर. धर्माबादचा हरिओम. वडिलांचा मिरचीचा व्यापार आहे. मला बघून त्यानं कानावरचं झाकण काढून नमस्कार केला. मिरचीवाल्याचा मुलगा म्हटल्यावर मला जरा धीर आला.

पिणारे होते, खोटं कशाला सांगू. पण शिवांगीच्या हातात लिंबू सोडा होता. मी मुद्दाम ग्लास नाकाशी नेऊन बघितला, तेव्हा त्याची काळजी करू नका. आणि विहीणबाई, तिथले दिवे. क्षणात राणी, क्षणात रामा, मग आंबा, मग जांभळा. माझी सगळी वरची फळी छतावरून सांडत होती. दुकानात बायका एका ब्लाऊजपीसचा रंग साडीशी जुळावा म्हणून तास घालवतात, उन्हात नेऊन बघतात, तरी बिनसतं. इथं एक दिवा पडला की सगळी खोली मॅचिंग. कोण कुठल्या घरचं, कोण कुणाची कोण लागते, काही कळत नव्हतं. मला ते बरं वाटलं. का बरं वाटलं ते घरी आल्यावरच कळलं, तिथं विचार करायला जागा नव्हती.

आणखी एक सांगते, आमच्या स्वामींच्या कानावर घालू नका. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी असते ना, त्या आवाजानं ती छातीवर थरथरायला लागली. आधी मी घाबरले, हातानं धरून ठेवली. मग वाटलं, रोज सकाळी तळहातावर घेऊन मी याला किती विनवते, यानं कधी काही हालचाल केली नाही, आज आपणहून काही म्हणत असेल तर आपण कशाला दाबून धरायचं. हात काढून घेतला.

मग केक आला. सगळे भोवती जमले. आता खरी गोष्ट. हरिओमनं गाणं बंद केलं आणि माईकवर म्हणाला, बर्थडे गर्लच्या मम्मी आल्यात, मम्मींना पुढं येऊ द्या. तुम्हाला काय सांगू, मी वळून दाराकडे बघितलं. मला खरंच वाटलं, तुम्ही आलात. दारात तो चाकूरचाच उभा होता. तेवढ्यात सगळी पोरं मम्मी मम्मी म्हणून टाळ्या वाजवायला लागली आणि शिवांगी हसत आली, माझा बरा हात धरला आणि ओढून पुढं नेलं. तिनं हरिओमची चूक दुरुस्त केली नाही. मीही नाही. आता तुम्हीच सांगा, मी माईक घेऊन काय सांगायला पाहिजे होतं? की मी आई नाही, पूर्वीची सासू आहे, आई लोह्याला आहे, फोन उचलत नाही? केक पहिल्यांदा तिनं मला भरवला. तो तुमच्या वाटचा होता हे खाताना माझ्या ध्यानात होतं, आणि म्हणून लिहितेय.

त्यानंतर गाणं सुरू झालं आणि मला मध्ये उभं केलं. मला काय नाचता येतं? पंचमीचा फेर येतो, तो दहा बायका असल्याशिवाय होत नाही, आणि माझा खांदा असा. शिवांगीच्या ध्यानात आलं. ती समोर उभी राहिली आणि दवाखान्यात सांगते तसं म्हणाली, अव्वा, भिंत. म्हणजे भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, तो माझा बुधवारचा व्यायाम. इथं भिंत नव्हती तर मी हवेतच चढायला लागले. हळूहळू बोटं वर, जितकं जाईल तितकं, थांबायचं, श्वास सोडायचा, खाली. दुसऱ्या खेपेला बघते तर मंजुश्री तेच करतेय. मग तिच्या शेजारचा दाढीवाला. मग सगळी खोली हवेतल्या भिंतीवर चढायला लागली, त्यांना वाटलं ही मावशीची खास स्टेप असेल. हरिओमनंही गाण्याचा ठेका माझ्या बोटांबरोबर संथ केला आणि माझी बोटं वर पोचली की दणका द्यायचा. तिसऱ्या की चौथ्या दणक्याला माझा हात कानाच्या वर गेला, दिवाळीनंतर पहिल्यांदा. शिवांगीनं तो वरच धरून ठेवला आणि ओरडून म्हणाली, गेला की वो अव्वा, गेला. तिचे डोळे भरले होते. तिथल्या लोकांना वाटलं असेल, वाढदिवसाचा आनंद. (दुसऱ्या दिवशी तोच हात खाली येईना. रविवारी दोन गिऱ्हाइकांनी मी रिक्षा थांबवतेय असं समजून मला रिक्षा थांबवून दिली.)

आम्ही लवकरच निघालो. खाली जिन्याच्या पायरीवर बसून उरलेल्या शेंगापोळ्या खाल्ल्या. मी विचारलं, मायला फोन केलास का?

ती म्हणाली, केला होता सकाळी. उचलला न्हाई.

मग मी तिला बोलले. तुमच्या बाजूनं बोलले, विहीणबाई. म्हणाले, तिचा राग चुकीचा नाही. लिंगायत वाण्याच्या घरात मराठ्याची पोर द्यायची म्हणून सगळी भावकी उठली होती, तेव्हा तुझी माय एकटी उभी राहिली. पुढं तुमचं दोघांचं जमलं नाही, नाही जमलं, त्याला कुणी काय करावं. पण सही करायच्या आधी तिला विचारायला काय झालं होतं? सगळं झाल्यावर कळवलंस. ज्या माणसानं एवढं केलं त्याला परक्यासारखं शेवटी.

ती पोळीचा तुकडा हातात फिरवत बसली. म्हणाली, अव्वा, विचारलं असतं तर माय काय म्हणाली असती?

मी म्हणाले, हो म्हणाली असती. तुझ्या मनासारखं कर म्हणाली असती.

ती म्हणाली, म्हणूनच विचारलं न्हाई. हो म्हणाली असती तर परत तिलाच उभं राहावं लागलं असतं अमृतकाकांपुढं. लग्नाच्या वेळी काकूंनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. पंचमीला सगळ्या बायका झोक्याला गेल्या आणि ही घरात भांडी घासत बसली होती, स्वच्छ भांडी. मी बघितलंय. म्हणलं, या वेळी तिला सगळ्यांना खरं सांगता यावं, की पोरीनं मला विचारलंच न्हाई. मग कुणी तिला काही बोलणार न्हाई. उलट तिच्या बाजूनं होतील.

मी विचारलं, आणि ती तुझ्याशी बोलायची बंद झाली तर?

ती म्हणाली, तेवढं चालंल म्हणलं होतं. आता चालंना झालंय.

मी मुलाची आई आहे. त्यांचं मोडलं त्या वर्षभरात माझ्या मनात तिच्याबद्दल काय काय येऊन गेलं ते मला ठाऊक आहे, आणि संगमेशबद्दलही. पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुम्ही भावकीत, बाजारात, मला शेवटच्या फोनवर, सगळीकडे एकच वाक्य म्हणत आलात, आम्हाला विचारलं नाही पोरीनं. ते वाक्य तिनं तुमच्यासाठी करून ठेवलेलं होतं. मला सांगताना तिनं मायला सांगू नका म्हणून बजावलं. मी मान हलवली. बोलून हो म्हटलेलं नाही, हे तुम्ही तिला भेटल्यावर सांगा.

तेवढ्यात वर पुन्हा गाणं जोरात सुरू झालं, पायरीसुद्धा हलायला लागली. ती हसली, तोंड पुसलं आणि म्हणाली, हरिओमला उद्या परळीला लग्नाची सुपारी आहे, तरी बघा कसा वाजवायलाय. मग मला रिक्षात बसवून दिलं, मंजुश्रीच्या खोलीवर झोपायला.

एवढंच झालं. नाचले हे खरं आहे, प्याले नाही, आणि जे कुणी याहून जास्त सांगेल ते त्याच्या पदरचं. गुडघ्याला एरंडेल कोमट करून लावा. हणमंतरावांचा चहा तुमच्याच हातानं करत चला. दुकान बंद करायची वेळ झाली म्हणून इथं हात थांबवते.

तुमची,
कमलम्मा

ता.क. लिहायचं राहिलं (राहिलं नाही, धीर होत नव्हता). शिवांगीला नागपूरला मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली आहे. महिनाअखेरीला जाते. येत्या रविवारी मी तिचं सामान बांधायला जाणार आहे. भांडी कागदात गुंडाळायची आहेत आणि माझा एकच हात चालतो. तुम्ही या. तिच्याशी बोललंच पाहिजे असं नाही. नुसत्या बसून भांडी गुंडाळा. ती विचारेल तर मीच मदतीला बोलावलं म्हणून सांगेन, आणि ते खोटंही होणार नाही.

दुसरा ता.क. मंजुश्रीनं माझ्या नाचाचा व्हिडिओ काढला होता, तो फिरत फिरत संगमेशपर्यंत पोचला. मी दिवसभर फोन बंद ठेवला. चालू केला तर त्याचा एकच मेसेज, खांदा बरा दिसतोय. रात्री आणखी एक आला, ती बारीक झालीये का. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. काय देऊ ते सुचलं तर रविवारी सांगा.

तिसरा आणि शेवटचा. तो व्हिडिओ तुमच्या फोनवरही पाठवलाय, निळ्या खुणा अजून आलेल्या नाहीत. उघडा. माझा नाच बघितला नाहीत तरी चालेल, सुरुवातीचं केकचं तेवढं बघा. वर मी लिहिलंय की माईकवर मम्मीला बोलावलं आणि शिवांगी हसत माझ्याकडे आली. तसं मला वाटलं होतं, कारण मी पाठ फिरवून तुम्हाला शोधत होते. काल रात्री व्हिडिओ परत परत लावला तेव्हा दिसलं. मम्मी म्हटल्याबरोबर ती केकवरची मान उचलते आणि दाराकडे बघते. बराच वेळ बघते. मग हसते, आणि मग माझा हात धरते.